माफी मिळते, जाब मिळत नाही

27 सप्टेंबर 2025 ला मोरोक्कोच्या शहरांत तरुण मुले रस्त्यावर उतरली. त्यांना नेता नव्हता, कार्यालय नव्हते. डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर, जिथे एरवी गेम खेळणारी पोरे गप्पा मारतात, तिथे मते घेऊन पुढचे पाऊल ठरत होते. आंदोलनाचे नाव 'जेन-झी 212'. 212 हा परदेशातून मोरोक्कोत फोन लावताना आधी फिरवायचा आकडा. त्याआधीच्या काही आठवड्यांत अगादिरच्या सरकारी इस्पितळात बाळंतपणासाठी आलेल्या आठ बायका दगावल्या होत्या. त्याच सुमारास 2030 च्या फुटबॉल विश्वचषकाची तयारी जोरात होती. स्पेन आणि पोर्तुगालसोबत मोरोक्को यजमान आहे आणि कासाब्लांकाजवळ बेनस्लिमानला 1 लाख 15 हजार प्रेक्षक बसतील एवढे स्टेडियम उभारले जात आहे. मुलांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि विचारले, "स्टेडियमे इथे आहेत, दवाखाने कुठे आहेत?"

1 ऑक्टोबरच्या रात्री अगादिरजवळच्या लक्लिया गावात सुरक्षादलाच्या गोळीबारात तीन जण मेले. जमाव ठाण्यात घुसून शस्त्रे लुटायला आला होता, असे सरकारने सांगितले. त्यानंतर आंदोलकांनी आपली मोठी मागणी जाहीर केली: राजा मोहम्मद सहावे यांनी पंतप्रधान अझीझ अखन्नूश यांचे सरकार बरखास्त करावे.

या मागणीवर मी बराच वेळ अडकलो. अखन्नूश यांचा पक्ष 2021 च्या निवडणुकीत पहिला आला होता. त्याला घालवायचे तर पुढच्या निवडणुकीत पाडावे, संसदेत अविश्वास आणायला लावावा, हा सरळ मार्ग. वीस-बावीस वर्षांची मुले, ज्यांना आपल्या देशात लोकशाही हवी आहे, ती निवडून आलेल्या सरकारला काढा म्हणून राजाला साकडे घालत होती. याला भोळेपणा म्हणता येणार नाही. निर्णय कोणाच्या हातात आहे हे त्यांना राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांइतकेच नीट ठाऊक आहे. अर्ज जिथे चालतो तिथेच त्यांनी दिला. 2011 पासून मोरोक्कोने केलेल्या राजकीय सुधारणेबद्दल जे काही बोलायचे आहे ते या एका अर्जापाशी येऊन थांबते, असे मला वाटते.

हक्क, माफी, रयत, खजिना, जबाब हे मराठीतले रोजचे शब्द अरबीच्या मुळातून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. मोरोक्कोचे राजकारण वाचताना ते त्यांच्या माहेरी भेटतात. राजवाडा, राजाचे सल्लागार, गृहखाते, सुरक्षादले, दरबाराशी जोडलेले बडे व्यावसायिक या सगळ्या गोतावळ्याला तिथले लोक 'मखझन' म्हणतात. मूळ अर्थ कोठार, आपल्या 'खजिन्या'चाच तो सख्खा भाऊ. कराचे धान्य आणि पैसा जिथे साठवला जाई ती जागा, आणि पुढे ती जागा राखणारी सत्ता. दरवर्षी जुलैच्या अखेरीस सिंहासनदिनाच्या सोहळ्यात पांढरे पायघोळ झगे घातलेले अधिकारी आणि लोकप्रतिनिधी ओळीने उभे राहतात आणि घोड्यावर बसलेल्या राजापुढे वाकून निष्ठा व्यक्त करतात. त्यांत निवडून आलेले लोकही असतात.

माझे म्हणणे असे: मोरोक्कोच्या राजाने बरेच काही दिले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु देणारा देतो तेव्हा तो जाब देत नाही. आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला जाब विचारता येत नसेल, तर कितीही कलमे बदलली तरी ती राजकीय सुधारणा म्हणून मोजू नये.

2011 ची गोष्ट आधी पाहू. ट्युनिशियात बेन अली आणि इजिप्तमध्ये मुबारक हे हुकूमशहा सत्तेवरून गेल्यावर 20 फेब्रुवारीला मोरोक्कोच्या डझनावारी शहरांत मोर्चे निघाले. या आंदोलनाला राजा जायला नको होता. राजाने राज्य करावे, कारभार करू नये, हे त्यांचे मागणे. मोहम्मद सहावे यांनी 9 मार्चला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, दूरचित्रवाणीवर येऊन नव्या राज्यघटनेची घोषणा केली. शेजारच्या राज्यकर्त्यांनी त्या दिवसांत काय केले हे आठवले तर या चपळाईचे कौतुक करावेच लागते. लिबियात गद्दाफीने तोफा लावल्या, बहरीनच्या राजाने सौदी फौजा बोलावल्या. मोरोक्कोत घटना आली.

पण ती लिहिली कोणी? अब्देलतीफ मेनूनी नावाच्या घटनातज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचे सगळे सदस्य राजाने निवडले. 17 जूनला मसुदा लोकांसमोर आला, 1 जुलैला त्यावर सार्वमत झाले. दोन आठवडे. 98.5 टक्के लोकांनी होय म्हटले. अरब राजेशाहीत असे आकडे नवे नाहीत. 2001 मध्ये बहरीनच्या जनतेनेही राष्ट्रीय कृतिसनद 98.4 टक्के मतांनी मंजूर केली होती, आणि वर्षभराने तिथल्या राजाने स्वतःच एक घटना जाहीर करून निवडून आलेल्या सभागृहाच्या डोक्यावर आपण नेमलेले सभागृह बसवले. ज्या कागदावर लोक शिक्का मारतात त्या कागदात त्यांचा हात नसला की पुढे काय होते, याचे ते उदाहरण.

मोरोक्कोच्या सामुद्रधुनीपलीकडे, चौदा किलोमीटरवर, स्पेन आहे. तिथेही राजाच होता, आणि तो तर हुकूमशहा फ्रँकोने नेमलेला. तरी क्रम असा होता: 1977 मध्ये आधी निवडणूक, मग निवडून आलेल्या संसदेने घटना लिहिली आणि डिसेंबर 1978 मध्ये तिच्यावर सार्वमत झाले. राजा उरला, पण घटनेच्या आत उरला. मोरोक्कोत घटना राजाच्या आत आहे. माझ्या दृष्टीने सारा फरक या क्रमाचा आहे. अरबीत राज्यघटनेला 'दुस्तूर' म्हणतात. त्याच शब्दाचे रूप मराठीत 'दस्तूर' म्हणून रीतिरिवाजाच्या अर्थाने रुळले. मोरोक्कोच्या दुस्तूरमध्ये दरबाराचा जुना दस्तूर बराचसा शाबूत आहे, असे म्हटले तर ती नुसती शब्दांची कसरत ठरणार नाही.

नव्या घटनेत चांगले काय, तेही सांगतो. बर्बर लोकांची अमाझिग भाषा अरबीच्या बरोबरीने अधिकृत झाली. उत्तर आफ्रिकेत ही मोठी गोष्ट आहे. राजाच्या व्यक्तीबद्दलचा 'पवित्र' हा शब्द गेला, 'अनुल्लंघनीय' हा राहिला. पहिल्याच कलमात अधिकारासोबत उत्तरदायित्व जोडले गेले. सत्तेचाळिसाव्या कलमाप्रमाणे निवडणुकीत पहिल्या आलेल्या पक्षातूनच राजाने पंतप्रधान नेमायचा. या कलमामागे एक जखम होती. 1998 मध्ये मोहम्मद सहावे यांचे वडील, तेव्हाचे राजे हसन दुसरे यांनी आयुष्यभर विरोधात घालवलेले समाजवादी नेते अब्दर्रहमान युसुफी यांना पंतप्रधान केले. 2002 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पुन्हा पहिला आला आणि नव्या राजाने, म्हणजे मोहम्मद सहावे यांनी, द्रीस जेत्तू या पक्षाबाहेरच्या माणसाला नेमले. तसे पुन्हा होऊ नये, हा त्या कलमाचा हेतू.

पण त्याच घटनेत राजा लष्कराचा सर्वोच्च प्रमुख आहे, संसद विसर्जित करू शकतो, पंतप्रधानाशी सल्लामसलत करून मंत्र्यांना काढू शकतो, आणि धर्माच्या बाबतीत 'अमीर अल-मुमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांचा नायक आहे. महत्त्वाचे निर्णय ज्या मंत्रिपरिषदेत होतात तिचे अध्यक्षपद त्याच्याकडे. प्रांतांचे वाली, म्हणजे राज्यपालांसारखे अधिकारी, तिथे नेमले जातात. मोठ्या सरकारी कंपन्यांच्या प्रमुखांच्या नेमणुकाही तिथेच होतात. त्यांतली एक कंपनी आपल्याला परकी नाही. जगातल्या फॉस्फेटच्या साठ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त साठा मोरोक्कोच्या ताब्यात धरला जातो, त्यात पश्चिम सहाराचा वादग्रस्त भागही आला. ते फॉस्फेट विकणाऱ्या सरकारी कंपनीचे भारत हे मोठे गिऱ्हाईक. खरिपाच्या तोंडावर फॉस्फेटपासून बनणाऱ्या डीएपी खताच्या गोणीसाठी रांगेत उभा राहणारा आपला शेतकरी त्या व्यवहाराच्या या टोकाला असतो, आणि दुसऱ्या टोकाला ज्यांच्या जमिनीतून ते निघते त्या लोकांना कंपनीच्या कारभाराबद्दल कोणाला विचारावे हे ठाऊक नसते. शिवाय राजघराण्याची स्वतःची गुंतवणूक कंपनी, अल मादा, देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेपासून अनेक उद्योगांत आहे. राजा उद्योगपती असेल आणि त्याच वेळी उद्योगांचे नियम ठरवणाऱ्यांना नेमतही असेल, तर बाजारातली चुरस खरी राहत नाही. हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

नोव्हेंबर 2011 च्या निवडणुकीत 'न्याय आणि विकास' हा मवाळ इस्लामी पक्ष 395 पैकी 107 जागा जिंकून पहिला आला. अब्दलइलाह बेन्किरान पंतप्रधान झाले. हा माणूस बोलका, लोकांत मिसळणारा, विनोदी. 2016 मध्ये त्यांनी जागा वाढवून 125 केल्या. राजाने त्यांना पुन्हा सरकार बनवायला सांगितले, सत्तेचाळिसावे कलम अक्षरशः पाळले गेले. मग पाच महिने सरकार बनलेच नाही. राजवाड्याच्या जवळच्या पक्षांनी अटी घातल्या, अटी वाढवल्या. यात पुढे होते ते अखन्नूशच. मार्च 2017 मध्ये राजाने बेन्किरान यांना बाजूला केले आणि त्याच पक्षातले सौम्य सादेद्दीन ओथमानी यांना नेमले. त्यांनी काही दिवसांत त्या अटी मान्य केल्या. घटनेचे एक अक्षर मोडले नाही आणि मतदाराने दिलेला कौल मात्र वितळून गेला. 2020 च्या डिसेंबरात ओथमानी यांनाच इस्राएलशी संबंध पूर्ववत करणाऱ्या करारावर सही करावी लागली, ज्याला त्यांच्या पक्षाने जन्मभर विरोध केला होता. निर्णय राजाचा, सही त्यांची. 2021 मध्ये हा पक्ष 125 वरून 13 जागांवर आला.

हा पक्ष मला जवळचा नाही. स्त्रियांच्या प्रश्नांवरची त्याची मते मला पटत नाहीत. पण पक्षाला सत्तेत बसवायचे, सत्ता द्यायची नाही आणि लोकांचा राग मात्र त्याच्या अंगावर जाऊ द्यायचा, ही रीत त्याच्या आधी समाजवाद्यांच्या बाबतीत वापरून झाली होती. तिथले पक्ष दुबळे आहेत असे राजवाड्याचे समर्थक सांगतात तेव्हा ते खरेच सांगत असतात. कारण मात्र सांगत नाहीत.

आता रीफ. उत्तरेकडचा हा डोंगराळ, गरीब, स्वाभिमानी मुलूख. इथल्या अब्द अल-करीमने 1921 मध्ये अनवालला स्पॅनिश फौजेची धूळधाण उडवली आणि आपले प्रजासत्ताक उभारले. ते 1926 पर्यंत टिकले. स्वातंत्र्यानंतर 1958-59 मध्ये रीफ पुन्हा उठला, तो उठाव चिरडायला स्वतः युवराज हसन गेले. 1984 मध्ये महागाईवरून दंगे झाले तेव्हा राजा झालेल्या हसन यांनी दूरचित्रवाणीवरून उत्तरेकडच्या लोकांना 'औबाश' म्हटले, म्हणजे हलकट, उडाणटप्पू. ते अजून कोणी विसरलेले नाही.

28 ऑक्टोबर 2016 ला रीफमधल्या अल होसेमा शहरात मोहसिन फिक्री या तरुण मासेविक्रेत्याचा माल अधिकाऱ्यांनी जप्त केला. बंदीच्या हंगामातले तलवारमासे म्हणून ते कचऱ्याच्या गाडीत टाकले गेले. माल वाचवायला फिक्री गाडीत चढला आणि आतल्या यंत्रात चिरडून मेला. हातावर पोट असलेल्या माणसाचा माल त्याच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात जाणे म्हणजे काय, हे मासळीबाजार पाहिलेल्या कोणालाही उमगेल. मोरोक्कोच्या बोलीत यासाठी 'हुग्रा' असा शब्द आहे. सत्तेतल्या माणसाने गरिबाला तुच्छ लेखणे, त्याला किंमत नाही असे वागवणे. लोक त्या हुग्राविरुद्ध उठले आणि महिनोन्‌महिने रस्त्यावर राहिले. मागण्या काय होत्या? कर्करोगाचे इस्पितळ, विद्यापीठ, रस्ते, रोजगार. त्यांत सिंहासनाबद्दल काही नव्हते.

नासेर झेफझाफी हा एरवी बेकार असलेला स्थानिक तरुण या आंदोलनाचा आवाज झाला. मे 2017 मध्ये मशिदीतल्या शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, इमामाने आंदोलनावर टीका सुरू केली तेव्हा झेफझाफी उठून उभा राहिला आणि त्याने भर प्रार्थनेत विचारले की ही मशीद देवाची आहे की मखझनची. तीन दिवसांत त्याला अटक झाली. जून 2018 मध्ये झेफझाफी आणि आणखी तिघांना प्रत्येकी वीस वर्षांची शिक्षा झाली, इतर अनेकांना कमीजास्त. इस्पितळ मागणाऱ्याला वीस वर्षे.

याच दरम्यान राजाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. जुलै 2017 च्या सिंहासनदिनाच्या भाषणात त्यांनी राजकारण्यांना आणि अधिकाऱ्यांना झोडपले: यश आले की हे पुढे पुढे करतात आणि अपयश आले की राजवाड्याच्या मागे लपतात. अल होसेमाच्या विकासाची 6.5 अब्ज दिरहमची योजना 2015 मध्ये राजाच्या उपस्थितीत करारबद्ध झाली होती आणि रखडली होती. चौकशी झाली आणि ऑक्टोबर 2017 मध्ये राजाने तीन मंत्र्यांना घरी पाठवले, त्यांत शिक्षण आणि आरोग्यमंत्री होते. लोक खूश झाले. मला त्या भाषणातले वाक्य उलट बाजूने खरे वाटते. मोरोक्कोत मंत्रीच राजवाड्याच्या पुढे उभे केलेले असतात. दगड पडला की त्यांच्या अंगावर पडावा, म्हणून. ते बदलता येतात आणि बदलले की राग ओसरतो. ज्या योजनेवर राजासमोर सह्या झाल्या ती दोन वर्षे रखडली असताना तिच्याकडे राजवाड्यातल्या कोणाचे लक्ष कसे गेले नाही, हे संसदेत कोणी विचारू शकले नाही. राजाचे सल्लागार संसदेला उत्तर देत नाहीत. पहिल्या कलमातले उत्तरदायित्व मंत्र्यांच्या घरापर्यंत जाऊन थांबते.

मग माफीचा भाग येतो. रीफच्या कैद्यांपैकी बऱ्याच जणांना वेगवेगळ्या सणांच्या निमित्ताने राजाने माफ केले. जुलै 2024 मध्ये तुरुंगातल्या तीन नामांकित पत्रकारांची, उमर राडी, सुलेमान रैसूनी आणि तौफीक बूअश्रीन यांची, अशीच सुटका झाली. त्यांच्या घरच्यांच्या डोळ्यांतले पाणी मला खोटे वाटत नाही. तुरुंगाचे दार उघडले की उघडले. पण माफ केलेला माणूस गुन्हेगारच राहतो. खटला चुकीचा होता असे न्यायालय म्हणत नाही, ज्याने तो चालवला त्याला कोणी काही विचारत नाही, आणि पुढच्या वेळी तसाच खटला भरायला कोणाचा हात थरथरत नाही. मोरोक्कोला याहून मोठे काही जमले होते. हसन दुसरे यांच्या काळातल्या छळांचा आणि बेपत्ता झालेल्यांचा मागोवा घ्यायला 2004 मध्ये आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष होते द्रीस बेन्झेक्री, स्वतः सतरा वर्षे तुरुंगात काढलेले. पीडितांनी जाहीर सुनावणीत, दूरचित्रवाणीवर, आपली कहाणी सांगितली. अरब जगात तोवर असे घडले नव्हते. तरीही छळ करणाऱ्यांची नावे घ्यायला तिथे मनाई होती. भरपाई मिळाली, जाब मिळाला नाही.

याला जे उत्तर दिले जाते ते ऐकून घ्यायला हवे, कारण ते देणारे सगळेच दरबारी नाहीत. लिबिया, सीरिया, येमेन पाहा, ते म्हणतात. प्रजासत्ताके होती, काय झाले त्यांचे? ट्युनिशियात तर खरी लोकशाही आली आणि 2021 मध्ये निवडून आलेल्या अध्यक्षानेच संसद बंद करून ती गुंडाळली. मोरोक्कोत 2004 च्या कुटुंब कायद्याने बायकांना जे मिळाले ते राजाच्या शब्दामुळे मिळाले, निवडणुकीवर सोडले असते तर मिळाले नसते. यातले शेवटचे म्हणणे मला खरेच अडवते. अशा बदलांविरुद्ध त्याआधी रस्त्यावर उतरलेला जमाव मोठा होता, आणि राजा मध्ये पडला नसता तर तो कायदा बहुधा झाला नसता.

तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सीरिया आणि लिबिया कोसळले ते तिथल्या सत्ताधाऱ्यांना जाब विचारायची कोणतीही वाट चाळीस वर्षे उरली नव्हती म्हणून. त्यांचे उदाहरण जाब टाळायच्या बाजूने कसे काय देता येते? आणि राजा भला असेल तर त्याच्या हातात अनिर्बंध अधिकार असू द्यावा, या म्हणण्यात पुढच्या राजाबद्दल काहीच नाही. हसन दुसरे यांच्याकडेही हेच अधिकार होते. 1965 मध्ये कासाब्लांकात शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या तेव्हा त्यांनी संसदेला कुलूप लावून आणीबाणी आणली, ती पाच वर्षे चालली. मुलगा बापापेक्षा सौम्य निघाला, याचा मोरोक्कोच्या लोकांना आनंद वाटणे साहजिक आहे. त्याची हमी मात्र कोणत्याच कलमात नाही.

म्हणून पुढच्या आंदोलनाने मंत्रिमंडळ बरखास्तीची मागणी करू नये, असे मला वाटते. ती सहज मान्य होण्यासारखी आहे, आणि म्हणूनच ती वाया जाते. मागायचेच तर राजाच्या सल्लागारांना संसदेच्या समितीपुढे येणे बंधनकारक करा, हे मागावे. गृहखाते आणि वालींच्या नेमणुका पंतप्रधानाकडे सोपवा, राजघराण्याच्या कंपन्यांना मिळणाऱ्या सरकारी कंत्राटांचा तपशील जाहीर करा. राजाला मुकुट ठेवू द्यावा. तो काढून घ्यावा असे 2011 च्या आंदोलनालाही म्हणायचे नव्हते. आणि घटना पुन्हा लिहिण्याची वेळ आली तर लेखणी निवडून आलेल्यांच्या हातात असावी.

10 ऑक्टोबर 2025 ला मोहम्मद सहावे यांनी संसदेत भाषण केले. आंदोलनाचा उल्लेख केला नाही. तरुणांना रोजगार, शाळा, दवाखाने यांवर वेगाने काम व्हावे असे सांगितले. नऊ दिवसांनी राजाच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिपरिषदेने पुढच्या वर्षी आरोग्य आणि शिक्षणासाठी 140 अब्ज दिरहमची तरतूद मंजूर केली. रक्कम मोठी आहे, आणि अगादिरच्या बाळंतिणींना तिच्यातून खरोखर काही मिळाले तर त्याचे श्रेय रस्त्यावर आलेल्या मुलांना जाईल. त्या मुलांपैकी आणि त्यांच्या सोबत्यांपैकी दोन हजारांहून अधिक जणांवर खटले भरले गेले. त्यांच्या घरचे लोक आता पुढच्या सणाला, पुढच्या सिंहासनदिनाला, माफीच्या यादीत नाव येते का हे पाहत राहतील. 2024 च्या यादीत नासेर झेफझाफीचे नाव नव्हते. शिक्षा पूर्ण भोगावी लागली तर तो 2037 मध्ये सुटेल. बेनस्लिमानच्या स्टेडियमवरचे विश्वचषकाचे सामने तेव्हा होऊन सात वर्षे झाली असतील.